लिफ्टच्या बटणावरचं तांबं: जंतू मारतं की नुसतं चमकतं?

प्लेटवाली · शनिवार, रात्री १०.४२

२०२० च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये थर्मोकोलच्या तुकड्यात टूथपिका खोचून ठेवल्या होत्या. एक उपसायची, तिनं बटण दाबायचं, खालच्या डब्यात टाकायची. महिन्याभरात टूथपिका संपल्या, डबा भरून वाहिला, आणि सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर वाचलं की तांब्यावर करोना चार तासांत मरतो. (बातमी खोटी नव्हती, त्याबद्दल खाली लिहिते.) त्यांनी भांडीबाजारातून पातळ पत्रा आणला, बटणांच्या मापाच्या चकत्या कापून घेतल्या आणि प्रत्येक बटणावर नि दाराच्या मुठीवर चिकटवून टाकल्या.

दोन महिन्यांत सगळं चॉकलेटी पडलं. लोक म्हणाले, कळकट दिसतं. मग काकांनी (सेक्रेटरींना आम्ही सगळे काकाच म्हणतो) घासूनपुसून वरून लॅकरचे दोन हात मारून घेतले. आज इतकी वर्षं झाली, चकत्या नव्यासारख्या लखलखतात.

काकांना त्याचा अभिमान आहे, आणि मला तिथेच खटकतं. उघडं तांबं काळं पडणारच. ते पडत नसेल तर हवा तिथवर पोचत नाही, आणि हवा पोचत नाही तिथे जंतू तरी कसा पोचेल? तो बसतो लॅकरवर, आरामात.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं कल्चरं लावते. लघवी, थुंकी, पू, रक्त जे येईल ते प्लेटवर ओढायचं आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते वाचायचं. गेल्या महिन्यात जनरल बॉडीत रंगकामाचा विषय निघाला आणि "तांब्याचं काय करायचं" यावर पाऊण तास गेला. मी म्हटलं, लॅकर काढा नाहीतर चकत्या काढा. कुणालाच पटलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट १९८३ सालची. पेन्सिल्व्हेनियात ईरी गावच्या हॅमोट हॉस्पिटलमध्ये फिलिस कून नावाच्या बाई सफाई कर्मचाऱ्यांना जंतूंबद्दल शिकवत होत्या. प्रत्येकाच्या हातात स्वॅब दिले आणि सांगितलं, जा, हॉस्पिटलभर हिंडून नमुने आणा. संडासाच्या भांड्यातलं पाणी चक्क स्वच्छ निघालं, कॅंटीनमधल्या सॅलडवर मात्र जंतूंचं रान. दारांच्या मुठी दोन तऱ्हेच्या निघाल्या: स्टीलच्या मुठींवर भरपूर वाढ, जुन्या पितळी मुठींवर जवळपास काहीच नाही. दिसायला पितळी मुठीच जास्त घाण!

बाईंनी मग धातूच्या पट्ट्यांवर जंतू लावून बघितले. पितळेवरचे सात तासांच्या आत संपले, ताज्या घासलेल्या पितळेवरचे तर तासाभरात. स्टीलवर तीन आठवड्यांनंतरही वाढ होती. त्याच सुमारास त्यांच्या हॉस्पिटलचं नूतनीकरण सुरू होतं आणि जुनं पितळ काढून चकाचक स्टील बसवणं चाललं होतं. बाईंनी लिहिलं, जुनं पितळ शक्यतो ठेवा, आणि स्टील बसवलंच असेल तर ते रोज पुसा.

पुढे इंग्लंडात साउदॅम्प्टन विद्यापीठात बिल कीव्हिल यांच्या गटानं हेच नीट मोजून केलं. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, एक कोटीच्या आसपास संख्येनं शुद्ध तांब्यावर ठेवला. साध्या खोलीच्या तापमानाला पाऊण ते दीड तासात एकही जिवंत सापडला नाही. ८० टक्के तांबं असलेल्या पितळेवर काही तास लागले. स्टीलवर तीन दिवसांनंतरही तो जिवंत होता.

हे होतं कसं? पृष्ठभागावरून तांब्याचे आयन सुटतात आणि जंतूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. आतलं बाहेर येतं, बाहेरचं तांबं आत घुसतं. आत गेल्यावर लोह आणि गंधक मिळून बनलेले जे एन्झाइमांचे नाजूक भाग असतात त्यांतलं लोह हुसकावून लावतं, शिवाय अशी रासायनिक साखळी सुरू करतं की ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होऊन प्रथिनं आणि शेवटी डीएनएसुद्धा तुकडे तुकडे होतो. वाराच्या क्रमाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, मढ्याबद्दल नाहीत. गंमत म्हणजे कोरड्या स्पर्शानं हे ओल्या स्पर्शापेक्षा लवकर घडतं.

आता करोना. मार्च २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अमेरिकी संशोधकांचं पत्र आलं होतं. तांब्यावर चार तासांनी जिवंत विषाणू मिळाला नाही, पुठ्ठ्यावर चोवीस तासांनी, प्लास्टिक आणि स्टीलवर मात्र दोन-तीन दिवस तो मिळत राहिला. काकांनी वाचलं ते हेच. फक्त चार तास लक्षात घ्या. आमच्या लिफ्टचं बटण सकाळी आठ ते नऊमध्ये शंभर वेळा दाबलं जातं. माझ्या आधीचा माणूस शिंकून चार सेकंदांपूर्वी उतरलेला असतो.

लिफ्टमध्ये मी एक आगाऊपणा केला. सलाइनमध्ये स्वॅब ओला करून चौथ्या मजल्याच्या बटणावर फिरवला आणि दुसरा तळमजल्याच्या बटणावर. तळमजल्याचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं, त्यामुळे तिथलं लॅकर अंगठ्यांनी झिजून मधोमध तपकिरी वाटोळं पडलंय. दोन्ही ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर) ओढले, रात्रभर ३७ अंशांवर ठेवले. चौथ्या मजल्यावर ४३ कॉलन्या, बहुतेक कातडीवरचे नेहमीचे पांढरे स्टॅफ. तळमजल्यावर ३. त्या तिन्ही मोठ्या, कोरड्या, खडबडीत कडांच्या, म्हणजे बॅसिलस. हा बीजाणू करून बसतो आणि बीजाणूंना तांब्याची फारशी पर्वा नसते.

एका स्वॅबवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण ज्या बटणाला सगळी इमारत हात लावते ते सगळ्यात स्वच्छ निघालं, याचं हसू आल्याशिवाय राहिलं नाही.

प्रश्न असा: कुणाच्या सोसायटीत, ऑफिसात, दवाखान्यात असं तांबं-पितळ आहे का? आणि ते काळं ठेवायला लोकांना पटवलंत कसं?

---

वाटसरू_डोंबिवली · शनिवार, रात्री ११.१५

पहिला!

आमच्याकडे अजून टूथपिकाच आहेत. त्याच. २०२० च्या.

---

शतावरी · रविवार, सकाळी ७.०५

ताई, लेख छान. पण ईरीला कशाला जायचं? आपल्याकडे रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून सकाळी पितात ते उगाच का? पूजेची पळी-पंचपात्री, ताम्हण, सगळं तांब्याचं. बंगळुरूच्या आयुर्वेद संस्थेनं हे सिद्धही केलंय, कॉलऱ्याचे जंतू तांब्याच्या भांड्यात मरतात. आपल्या लोकांना सांगितलं की अंधश्रद्धा, गोऱ्यांनी सांगितलं की विज्ञान.

---

प्लेटवाली · रविवार, सकाळी ९.२०

शतावरी, तो अभ्यास मी वाचलाय आणि मला तो आवडतो. २०१२ चा आहे. पाण्यात मुद्दाम कॉलरा, शिगेला, टायफॉइड आणि हगवणीचे ई. कोलाय सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवलं. नंतर एकही जंतू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम. म्हणजे भरपूर खाली.

पण त्यांनी पाणी सोळा तास ठेवलं होतं. आपण रात्री दहाला भरतो आणि सहाला पितो, ते आठ होतात. शिवाय त्यांचं भांडं स्वच्छ होतं. आपल्या तांब्याच्या बुडाशी जो चिकट थर असतो (बोट घालून बघा, खोटं बोलत नाही), त्याच्याआड जंतू मजेत राहतात. पाणी गढूळ असेल तर तांबं गाळातच अडकतं. तेव्हा नळाचं शुद्ध पाणी तांब्यात ठेवून प्यायला माझी काहीच हरकत नाही. टँकरचं पाणी मात्र आधी उकळायचं.

---

नवसागर · रविवार, सकाळी ११.४८

आमचं आजोळ पुण्यात कसबा पेठेतलं, तांबट आळीतलं. लहानपणी सुट्टीत गेलो की पहाटेपासून ठोक्यांचा आवाज. बंब, घंगाळ, हंडे. मामा मठारकाम करायचे: गुळगुळीत पत्र्यावर हातोडीनं एकेक ठोका असा, की सगळीकडे सारख्या खळ्या पडतात. शोभा येते आणि पत्रा ठोकून कडकही होतो. झोपेतसुद्धा ठोका चुकला तर मामांना जाग यायची.

धाग्यातल्या लॅकरवरून एक सांगतो. आमच्याकडे पाण्याच्या हंडा-कळशीला आतून कधी कल्हई करत नसत. ज्यात शिजवायचं, आंबट ठेवायचं, दूध तापवायचं त्या पितळेला कल्हई हवीच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. क्षणात आतून चांदी. आजी कल्हईवाल्याची वाट बघत बसायची, कारण कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं.

म्हणजे पाण्याला तांबं लागू द्यायचं आणि अन्नाला लागू द्यायचं नाही. कुणी शास्त्र म्हणून सांगितलं नव्हतं, पण फरक ठाऊक होता.

---

सदाफुली · रविवार, दुपारी ४.३०

नवसागर यांनी कल्हईचा विषय काढला म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र असते. मी बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. ऐंशीच्या दशकात पुण्यात शिकत होते.

त्या वेळी वॉर्डात एक आजार हमखास दिसायचा. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, पोट फुगलेलं, चिडचिडं, अंगाला लागत नाही. पोटावर हात ठेवला की यकृत दगडासारखं कडक लागायचं आणि त्याची कडा इतकी धारदार, की एकदा बोटाला लागली की विसरायची नाही. कावीळ दिसायला लागली की आम्ही आईच्या नजरेला नजर देत नसू. बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. कधी आधीचंही भावंड असंच गेलेलं असायचं. पुस्तकात या आजाराचं नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' असं होतं.

अशा बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड सापडायचं. इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर आणि पुण्यात केईएमचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे यांनी आयांना साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, आणि कुठल्या भांड्यात तापवता? आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं, असं पुन्हा पुन्हा निघालं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अंदाज छापून आला. पाण्यात तांबं जेमतेम उतरतं, पण दुधातलं केसीन त्याला धरून ठेवतं. आणि तान्ह्या बाळाचं यकृत तांबं बाहेर टाकायला अजून पुरतं तयार नसतं.

एक बाई माझ्या लक्षात राहिली आहे. तिला भांडं घेऊन यायला सांगितलं होतं. माहेरहून आलेली पितळी तपेली, बाहेरून चिंचेनं घासून आरशासारखी केलेली. आत बोट फिरवलं तर कल्हईचा मागमूस नाही, तळाशी पिवळं पितळ उघडं. ती म्हणाली, "मी तर रोज इतकी स्वच्छ घासते हो."

पुढे भांडी बदला हे सांगणं सुरू झालं, स्टील स्वस्त झालं, लवकर सापडलेल्या मुलांना पेनिसिलामीन (शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध) दिलं तर वाचायची हेही कळलं. नव्वदच्या दशकात हा आजार जवळपास दिसेनासा झाला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांनी तो कधी पाहिलाच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रियात टिरोल भागात १९०० ते १९७४ दरम्यान १३८ लहान मुलं अशीच गेली, तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यातलं गाईचं दूध. तिथे काही घराण्यांत आनुवंशिक दोषही होता असं दिसलं, म्हणजे तेच दूध पिणाऱ्या प्रत्येक मुलाला होत नसे. आपल्याकडेही तसंच असावं असं आम्हाला वाटायचं.

बटणाला तांबं लावा, मुठीला लावा. पण हल्ली 'पारंपरिक' म्हणून बाळासाठी तांब्याची वाटी-चमचा-भांडं भेट देतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. दूध, ताक, लिंबू, कोकम यातलं काही उघड्या तांब्या-पितळेत ठेवू नका.

---

शतावरी · रविवार, संध्याकाळी ६.१०

सदाफुली, हे माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात भाचीच्या बारशाला तांब्याचा सेट घेतला होता. बदलून आणते.

---

शंकासुर · रविवार, रात्री ९.५५

प्लेटवाली यांच्या लॅबमधल्या गोष्टींवर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न वेगळा. पट्टीवर जंतू मेला म्हणून पेशंट वाचला का?

अमेरिकेत २००८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं (तिकडे जंतुनाशकांची नोंदणी त्यांच्याकडे असते) तांब्याच्या २७५ मिश्रधातूंना 'जंतू मारतात' असं म्हणायची परवानगी दिली. घन धातूला असा दावा करू देण्याची ती पहिलीच वेळ. दोन तासांत ९९.९ टक्के, आणि तेही नावानिशी दिलेल्या मोजक्या जीवाणूंवर. अर्ज कुणाचा? तांबं विकणाऱ्यांच्या संघटनेचा. त्यात काही पाप नाही, पण लक्षात असावं. आणि परवानगीतच अट आहे: हे नेहमीच्या साफसफाईला पूरक आहे, पर्याय नाही. रंग, लॅकर, वॉर्निश, मेण काहीही लावायचं नाही. म्हणजे तुमच्या काकांचा निकाल तिथेच लागतो. :-)

माणसांवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास २०१३ चा. तीन हॉस्पिटलांचे आयसीयू, ६१४ रुग्ण. काही खोल्यांत पलंगाचे कठडे, जेवणाचं टेबल, सलाइनचा स्टँड, नर्सला बोलवायचं बटण अशा सहा वस्तू तांब्याच्या, बाकी खोल्या नेहमीच्या. संसर्ग झाला किंवा अंगावर एमआरएसए-व्हीआरई (औषधांना दाद न देणारे जंतू) येऊन बसले, असे रुग्ण साध्या खोल्यांत १२.३ टक्के, तांब्याच्या खोल्यांत ७.१ टक्के. नुसता संसर्ग धरला तर ८.१ वरून ३.४. ऐकायला झकास. पण ६१४ मधले इतके टक्के म्हणजे माणसं किती ते मोजा. पाच-सात जण इकडचे तिकडे झाले की आकडा डळमळतो. डोळ्यांवर पट्टीही बांधता येत नाही, तांब्याचा पलंग नर्सला दिसतोच. मला वाटतं कल खरा असावा, पण त्याच्या जोरावर सरकारी हॉस्पिटलांचे पलंग बदलावेत इतका पुरावा नाही. त्या पैशात हात धुवायला नळ, साबण आणि कोरडा करायला कागद द्या.

---

बर्मिंगहॅमकर · सोमवार, पहाटे २.३०

नाइट ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे (बोलू नये असं, माहितीय).

शंकासुर, आमच्या गावात सेली ओक हॉस्पिटलमध्ये २००७ च्या सुमारास एका वॉर्डात याची चाचणी झाली होती. संडासाची सीट, नळाच्या मुठी आणि वॉर्डाच्या दाराला ढकलायची पट्टी, एवढंच तांब्याचं. मध्यावर अदलाबदल केली, म्हणजे जागेचा परिणाम आहे की धातूचा ते कळावं. तांब्यावर जंतू ९० ते १०० टक्के कमी. मी नंतर आले, माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ते पाहिलंय. त्यांची आठवण विज्ञानाची नाहीच: "सीट थंडगार लागायची आणि म्हातारे पेशंट म्हणायचे, हे कसलं राजेशाही काम."

आज मी जिथे काम करते तिथे सगळं स्टील आणि प्लास्टिक. नर्सच्या बाजूनं सांगायचं तर पृष्ठभागापेक्षा मला पेशंटच्या पलंगाची आणि माझ्या हातांची काळजी जास्त. आणि क्लोरीनच्या गोळ्या टाकून आम्ही जे दिवसरात्र पुसतो त्यानं तांब्याची काय अवस्था होते? जुलाबाच्या सी. डिफसाठी क्लोरीन लागतंच, त्याच्या बीजाणूंसमोर तांबं फार हळू चालतं.

बेल वाजली. पळते.

---

बागवाला · सोमवार, दुपारी १.१५

मी तासगावकडचा, द्राक्षबाग आहे. तुम्ही सगळे बटणावर अडकलात, आमचं अख्खं रान तांब्यावर उभं आहे. मोरचूद म्हणजे तांबंच की. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, झाला एक टक्का बोर्डो. केवड्यावर, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरच्या बुरशीवर, याच्याइतकं जुनं औषध नाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या मिलार्डेसाहेबांनी १८८५ ला छापलं, तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींना निळा मारायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून, आणि त्याच वेली केवड्यातून वाचल्या.

वडील बोर्डो लोखंडी पिंपात कधी करू द्यायचे नाहीत. झाल्यावर घासलेला विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस चढलं तर मोकळं तांबं उरलंय, पान जळणार, अजून चुना घाल. विळा पांढरा निघाला की पंप भरा.

पण माझा प्रश्न. आमच्या एका पाहुण्याचं सोलापूरकडं डाळिंब आहे, तेल्या रोगावर तांबं मारून मारून आता म्हणतो पूर्वीसारखं लागू पडत नाही. जंतूला सवय लागते का? तुमच्या हॉस्पिटलातल्या जंतूला नाही लागणार?

---

प्लेटवाली · सोमवार, रात्री १०.०५

बागवाला, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. विळ्याची परीक्षा वाचून मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

सवय लागते. तांबं हा जंतूंसाठी नवा शत्रू नाही, जमिनीत ते पहिल्यापासून आहे, त्यामुळे ते बाहेर फेकणारे पंप जंतूंकडे आयते असतात. टोमॅटोवरचा झँथोमोनास, म्हणजे तुमच्या तेल्याच्याच कुळातला, फवारणीला निर्ढावल्याचं जगात ठिकठिकाणी सापडलंय. पाहुण्याच्या बागेत नेमकं तेच झालंय का हे मात्र जंतू वेगळा काढून तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. डुक्कर वाढवणाऱ्या देशांत खाद्यात तांबं घालतात. डेन्मार्कमध्ये अशा डुकरांच्या आतड्यातल्या एंटेरोकोकसमध्ये तांबं सोसणारा जीन सापडला, आणि तो अँटिबायोटिक सोसणाऱ्या जीनच्या शेजारीच बसलेला होता. म्हणजे तांबं खाऊ घातलं की दुसऱ्या औषधालाही निर्ढावलेला जंतू आपोआप निवडला जातो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

कोरड्या धातूवर गोष्ट थोडी वेगळी आहे. फवारणीत जंतूला बेताचा डोस मिळतो आणि वेळही मिळतो. उघड्या तांब्यावर तो मिनिटां-तासांत फुटतो, त्याचा डीएनएही शिल्लक राहत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला जीन देण्याइतकी उसंत नसते. तरीही युरोपातल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या नाण्यांवरून टिकून राहिलेले जंतू वेगळे काढले गेलेत. शून्य धोका असं मी म्हणणार नाही.

नाण्यांवरून आठवलं. आमच्या लॅबमध्ये अँटिबायोटिकच्या चकत्या बरोबर आहेत का हे तपासायला २५९२२ नंबरचा ई. कोलाय ठेवलेला असतो, गरीब, सरळमार्गी जंतू. त्याची गादी प्लेटवर पसरून सासऱ्यांच्या पेटीतला चाळीसच्या दशकातला भोकाचा पैसा आणि आजचा स्टीलचा रुपया शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी पैशाभोवती दोन मिलिमीटरचं स्वच्छ कडं, आणि मधल्या भोकात गोल निर्मळ बेट. रुपयाच्या कडेपर्यंत जंतू अगदी टेकून उगवलेले. आमच्या ट्रेनी मुलीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला, "तेव्हाच्या पैशाची किंमत" म्हणून.

बर्मिंगहॅमकर, तुमचं बरोबर. क्लोरीननं तांबं गंजतं, आणि तेलकट थर बसला तर तांबं निकामी होतं. म्हणजे पुसायचं तर आहेच, पण साबणपाण्यानं.

शंकासुर, नळ, साबण, कागद याला माझं अनुमोदन. काका वाचत असतील तर त्यांनीही नोंद घ्यावी.

---

वाटसरू_डोंबिवली · सोमवार, रात्री १०.३१

तांब्याचं कडं घातल्यानं संधिवात जातो का? सासूबाई विचारतायत.

---

सदाफुली · सोमवार, रात्री १०.५०

नाही. मनगट हिरवं होतं.

---

नवसागर · मंगळवार, सकाळी ८.०२

प्लेटवाली, लॅकर काढायचं असेल तर घासून काढू नका, पातळ पत्रा आहे, चरे पडतील. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवा, सालीसारखं निघेल. लिफ्ट बंद करून, दार उघडं ठेवून, आणि कुणी विडी पेटवत नाही ना ते बघून. नंतर चिंच-मीठ, साबणपाणी, कोरडं फडकं. मग काळं पडू द्या.

---

प्लेटवाली · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१२

अपडेट. हा धागा प्रिंट काढून काकांना दिला. (मुंबईला मुलाकडे जाताना त्यांनी ट्रेनमध्ये वाचला म्हणे. बागवाला यांचा विळा त्यांना फार आवडला.) परतल्यावर स्वतःहून म्हणाले, काढू लॅकर.

रंगाऱ्याचा माणूस आला, थिनरनं काढलं, चिंच लावली, सगळं नीट. पुढचे चार दिवस मी रोज रात्री नऊला पाच बटणांचे स्वॅब घेतले. तीन दिवस आकडे खाली खाली आले: चाळीसचे अकरा, मग सहा, मग चार. चौथ्या दिवशी एकदम अडतीस. मला वाटलं माझंच काही चुकलं, प्लेट दूषित झाली. दुसऱ्या सेटमध्येही तेच. बटणावर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं.

काकांना विचारलं. ते म्हणाले, काळं पडायला लागलं होतं, तुम्हीच सांगितलंत लॅकर नको, म्हणून माणसाला सांगून नुसतं गाडीचं मेण लावून घेतलं.

स्पिरिट आणि कापूस आणून ठेवलाय. उद्या सकाळी सातच्या आत, काका फिरायला गेले की.